पुण्याची दुर्बीण आणि कोडाईकनालचा सूर्य

एखादी जुनी दुर्बीण पाहावयास एवढ्या दूर कशासाठी जावे, असा प्रश्न अभ्यास-सहलीचा बेत ठरला तेव्हा काही पालकांनी विचारला होता. प्रश्न रास्त होता. मलकापूरहून निघून पुणे-बंगळूर महामार्गाने कर्नाटक ओलांडायचे, तामिळनाडूत उतरायचे आणि पळणीच्या डोंगररांगेत घाट चढून कोडाईकनालला पोहोचायचे, हा प्रवास वसतिगृहातील मुलांसाठी सोपा नाही आणि स्वस्तही नाही. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आम्ही या स्मरणिकेत देत आहोत. कोडाईकनालच्या वेधशाळेची कथा मुळात आपल्या मुलखाशी, इथल्या दुष्काळाशी, इथल्या ग्रहणांशी आणि आपल्या समाजाने सोडून दिलेल्या एका जुन्या प्रथेशी जोडलेली आहे.

पुण्यातील वेधशाळा

आजच्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल सांगता येत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती. ती उभारणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यांच्या कामासाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आले आणि १८८८ मध्ये तेथे 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली.

या वेधशाळेची २० इंची दुर्बीण डब्लिन शहरातील ग्रब यांच्या प्रसिद्ध कारखान्यातील होती. ती आरशाची दुर्बीण होती. दुर्बिणी मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीत पुढच्या टोकाला भिंग असते आणि ते प्रकाश वाकवून एका जागी आणते. दुसरीत नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो आणि तो प्रकाश परतवून एकत्र करतो. दुर्बिणीची खरी ताकद 'किती पट मोठे दिसते' यात नसून ती किती प्रकाश गोळा करते यात असते. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. वीस इंची आरसा तिच्या पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. मुलांना आम्ही हे पावसाच्या उदाहरणाने सांगितले: वाटी आणि पातेले एकाच पावसात ठेवले, तरी रुंद तोंडाच्या पातेल्यात अधिक पाणी साठते.

नायगमवाला यांनी या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तेजोमेघांच्या प्रकाशाचा अभ्यास केला. परदेशांतील नामांकित वेधशाळांत जे प्रश्न चर्चिले जात, त्यांच्यावर पुण्यात एक भारतीय प्राध्यापक काम करीत होता. मात्र १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. तिची उपकरणे कोडाईकनालला पाठविण्यात आली. ती मोठी दुर्बीण पुढे 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखली गेली. तिच्या नावात देणगी देणाऱ्या संस्थानाची आठवण राहिली, ज्या शहरात तिने चोवीस वर्षे काम केले त्या पुण्याची राहिली नाही.

जमखंडी, विजयदुर्ग आणि जेऊर

पुण्याच्या वेधशाळेचे सर्वांत मोठे काम घडले ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला कशाच्या बनल्या आहेत, हे वर्णपटाच्या साहाय्याने पाहण्याची ती पहिली मोठी संधी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातील गुंटूर येथे होते. विख्यात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे सांगली-मिरजेच्या शेजारी, उपकरणे मांडून बसले होते. ऐन वेळी ढग आड येत राहिले, तरीही त्या ज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा त्यांना दिसल्या. या ज्वाला म्हणजे तप्त वायू आहेत, हे त्या ग्रहणात सिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवायही त्या रेषा पाहण्यात यश मिळविले. त्यांतील पिवळी रेषा पृथ्वीवर तोवर माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये.

आपल्याकडे अनेक ठिकाणी असे सांगितले जाते की, लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनंतरच्या, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' पाहताना एवढा भेद ध्यानात ठेवला, तर त्या जागेचे महत्त्व मुळीच उणावत नाही.

१८९८ च्या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून शिरून महाराष्ट्र तिरपा ओलांडून गेली. विजयदुर्ग, जेऊर, वर्ध्याकडील पुलगाव, वऱ्हाडातील तळणी अशा ठिकाणी निरनिराळ्या देशांच्या तुकड्या उतरल्या होत्या. तळणी येथे ॲनी माँडर या विदुषीने स्वतः तयार करवून घेतलेल्या लहान कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातील एका दूरवर गेलेल्या किरणशलाकेचे छायाचित्र घेतले. जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी होती आणि तेथेच नायगमवाला यांची पुण्याची तुकडीही होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या अवधीत काचा बदलायच्या, झडपा उघडायच्या आणि मिटायच्या, वेळ पुकारायची, आणि यांतील काही चुकले तर पुन्हा संधी नाही. प्लेगच्या त्या दिवसांत एका भारतीय प्राध्यापकाने ही मोहीम आखली, पार पाडली आणि तिचा अहवाल वेधशाळेचे प्रकाशन म्हणून १९०२ मध्ये छापून प्रसिद्ध केला.

'दे दान सुटे गिराण'

आता याच ग्रहणाची दुसरी बाजू पाहू. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ती चांगली माहीत आहे.

ग्रहण लागले की महार आणि मांग वस्तीतील माणसांनी गावातून 'दे दान सुटे गिराण' अशी हाक देत फिरावे आणि गावाने त्यांच्या पदरात जुनेर, धान्य, पैसा टाकावा, अशी रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. सूर्य-चंद्राला राहू-केतू ग्रासतात, हे राहू-केतू याच जातींचे, तेव्हा या जातींना दान दिले म्हणजे ग्रहण सुटते, अशी समजूत त्यामागे होती. म्हणजे आकाशातील एका सावलीचा दोषसुद्धा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या माथी मारलेला होता, आणि त्या दोषावरच त्याने भीक मागावी अशी व्यवस्था होती.

एकाच मुलखात, एकाच काळात, काही माणसे चंद्राची सावली कोणत्या मिनिटाला कोठे पडेल याचे गणित मांडून कॅमेरे लावून बसत होती आणि काही माणसांना त्याच सावलीपायी हात पसरावे लागत होते. ज्ञान कोणाच्या वाट्याला आणि भीती कोणाच्या वाट्याला, याची ही वाटणी होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तेव्हा पुण्याची वेधशाळा चालू होती. पण त्या शाळेत हे बालक वेगळे बसत होते आणि तहान लागली तर पाण्याच्या नळालाही हात लावू शकत नव्हते. दुर्बिणीला डोळा लावणे ही तर फार पुढची गोष्ट.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने ज्या प्रथा निग्रहाने सोडल्या, त्यांत ही हाकही होती. परंतु हाक सुटली म्हणून भीती सुटतेच असे नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी शहरांतील रस्तेसुद्धा ओस पडले होते, हे आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आजही ग्रहणाच्या वेळी गरोदर स्त्रीने भाजी चिरू नये, शिजलेले अन्न टाकून द्यावे, असे सुशिक्षित घरांतून ऐकू येते. म्हणूनच मुलांना सूर्याकडे नेणे आम्हाला आवश्यक वाटले.

दुष्काळातून जन्मलेली वेधशाळा

कोडाईकनालची वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे २३४० मीटर उंचीवर आहे. तिची स्थापना १८९९ मध्ये झाली. तिच्या जन्मामागे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ होता. त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगासमोर प्रश्न आला की, सूर्याच्या चढउतारांचा आपल्या पावसाशी काही संबंध आहे काय? तो तपासायचा तर सूर्याची रोजच्या रोज नोंद हवी. मद्रासच्या जुन्या वेधशाळेतून हे काम डोंगरावरच्या स्वच्छ हवेत हलविण्यात आले.

सूर्यावरील डागांवरून पावसाचा भरवशाचा अंदाज काही बांधता आला नाही. परंतु त्या निमित्ताने सुरू झालेल्या नोंदीने विज्ञानाला दुसरेच मोठे धन दिले. माण-खटावच्या मुलांना ही गोष्ट सांगताना आम्ही त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांची नोकरी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे होती, ती दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सुरू झालेल्या तलावाच्या खोदाईवर. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ती लहान मुले ज्या मसूर स्थानकावर अडकून पडली, ते आपल्या कराड तालुक्यातच आहे.

१८५० ची दुर्बीण

आमच्या छायाचित्रांचा मुख्य विषय पुण्याच्या दुर्बिणीपेक्षाही जुना आहे. मद्रास वेधशाळेसाठी १८५० मध्ये पॅरिसच्या लरबूर आणि सेक्रेताँ या कारागिरांकडून घेतलेली ही सहा इंची भिंगाची दुर्बीण. १८९८ मध्ये ग्रब यांनी तिची नव्याने बांधणी करून दिली. नंतर तिला सूर्याची रोजची छायाचित्रे घेण्याचे काम लावण्यात आले आणि शतकाहून अधिक काळ ते काम चालत आले. निवृत्त होऊन संग्रहालयात बसलेली ही वस्तू नव्हे.

तिच्यातून मिळणारी सूर्याची प्रतिमा सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची, जेवणाच्या ताटाहून थोडी लहान. सूर्याचा खरा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे. म्हणजे छायाचित्रातील एक मिलिमीटर हा सूर्यावरचे सुमारे सात हजार किलोमीटर होय. या मापाने आपली संपूर्ण पृथ्वी दोन मिलिमीटरांच्या आत बसते. सूर्यबिंबावरील साबुदाण्याएवढा काळा डागसुद्धा पृथ्वीहून मोठा असू शकतो, हे मुलांनी पट्टी लावून स्वतः काढले. हे डाग प्रत्यक्षात काळे नसतात. भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा ते हजारदीड हजार अंशांनी थंड असल्याने तुलनेने काळे दिसतात. ते रोज थोडे सरकतात, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून पाहता एका फेरीस त्याला सुमारे २७ दिवस लागतात. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते.

याच वेधशाळेत जॉन एव्हर्शेड यांनी १९०९ मध्ये सौरडागांच्या कडेच्या फिकट भागात वायू डागाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस वाहतो, हे दाखविले. या घटनेला आज जगभर 'एव्हर्शेड परिणाम' म्हणतात. कॅल्शियमच्या विशिष्ट जांभळ्या प्रकाशातच सूर्याचे चित्र घेणारे यंत्रही येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. त्याची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. सूर्याच्या प्रतिमेचा अरुंद पट्टा एका फटीतून आत घ्यायचा, त्याचा वर्णपट पसरायचा आणि दुसऱ्या फटीतून फक्त हवा तो रंग पुढे सोडायचा. प्रतिमा फटीवरून हळूहळू सरकवली की, पट्ट्यामागून पट्टा जुळून पूर्ण सूर्य त्या एका रंगात उमटतो. आपल्या हाडांत असलेले तेच कॅल्शियम सूर्यावरही आहे, हे ऐकून आमच्या पाचवीतल्या मुली बराच वेळ गप्प होत्या.

वेधशाळेच्या संग्रहालयात सूर्याची प्रतिमा आणि त्याचा काळ्या रेषांनी भरलेला वर्णपट प्रत्यक्ष पाहता येतो. या काळ्या रेषा म्हणजे मूलद्रव्यांच्या सह्याच. १८६८ मध्ये जमखंडीला हर्शेल जे शोधत होते त्याच विद्येची ही पुढची वाट, हा धागा मुलांनी न सांगता जोडला.

जुन्या उपकरणाचे छायाचित्र कसे घ्यावे

आमच्या मुलांनी घेतलेली निवडक छायाचित्रे शाळेच्या विज्ञानकक्षात लावली आहेत. असे काम इतर शाळांनाही करता यावे म्हणून आमची पद्धत थोडक्यात देत आहोत.

पहिली गोष्ट परवानगीची. चालू वेधशाळेत प्रत्येक दालन सर्वांना खुले नसते. आधी पत्र लिहावे, कोणत्या भागाचे छायाचित्र चालेल ते विचारावे आणि सांगितलेली मर्यादा पाळावी. घुमटाखाली उजेड कमी असतो, तरी फ्लॅश वापरू नये. पितळेवर आणि काचेवर त्याची चकाकी उमटून नेमके हवे तेच दिसेनासे होते. कॅमेरा किंवा मोबाईल तिपाईवर ठेवून थोडा अधिक वेळ प्रकाश घेऊ द्यावा. कशालाही हात लावू नये. बोटांच्या घामाचा डाग भिंगावर राहिला तर तो काढणे अवघड असते.

पहिले छायाचित्र संपूर्ण उपकरणाचे घ्यावे आणि शेजारी एक माणूस उभा करावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मग एकेक भाग टिपावा: भिंगाचे टोक, चित्र घेण्याची जागा, दातेरी चक्रे आणि कारागिराच्या नावाची पट्टी. दुर्बीण ज्या आसावर फिरते तो नेमका बाजूने टिपावा. हा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवलेला असतो, त्यामुळे जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा असतो. कोडाईकनालला तो सुमारे दहा अंश आहे. आपल्या कराड-मलकापुरात अशी दुर्बीण बसविली तर तो सतरा अंशांहून थोडा अधिक ठेवावा लागेल. म्हणजे छायाचित्रावर कोनमापक ठेवून दुर्बीण कोणत्या अक्षांशावर आहे हे ओळखता येते.

प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, वेळ, स्थळ आणि घेणाऱ्याचे नाव लिहावे. ही नोंद नसेल तर काही वर्षांनी ते चित्र मुके होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुर्बिणीतून, कॅमेऱ्यातून किंवा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. योग्य गाळणी नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. आकाश पावसाळी असेल, पण ढगांनी वाट दिली तर शाळेच्या पटांगणात हाच प्रयोग करण्याचा आमचा संकल्प आहे. पालकांनी त्या दिवशी मुलांना घरात कोंडून न ठेवता शाळेत पाठवावे आणि स्वतःही यावे.

रोजची नोंद

या सहलीतून आम्हाला एका गोष्टीचे मोल कळले. पुण्याची दुर्बीण मोठी होती, पण तिचे काम एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभे होते. ती व्यक्ती निवृत्त झाली आणि वेधशाळा मिटली. कोडाईकनालची सहा इंची दुर्बीण तिच्यापुढे लहान. पण तिच्याजवळ रोज सकाळी येऊन ढग नसतील तर एक छायाचित्र घेणारी, तारीख लिहून ते नीट ठेवणारी माणसे पिढ्यामागून पिढ्या येत राहिली. त्यांतील बहुतेकांची नावे पुस्तकांत नाहीत. त्यांनी जमविलेल्या शतकाच्या नोंदी आज संगणकावर उतरविल्या गेल्या आहेत आणि सूर्याच्या दीर्घ वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा आधार आहे. लहान साधन आणि सातत्य यांनी केवढे काम होते, याचा हा दाखला आहे.

निवासी शाळा चालविणाऱ्यांना हा दाखला जवळचा वाटतो. शाळाही एका व्यक्तीवर फार काळ चालत नाही. ती रोजच्या हजेरीवर, रोजच्या वंदनेवर, रोज संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांवर चालते.

तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. केसपुत्ताच्या कालामांना त्यांनी परंपरेने आले, ग्रंथात लिहिले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही न स्वीकारण्याचा उपदेश केला. राज्यघटनेनेही वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ज्यांच्या पणजोबांना ग्रहणाच्या सावलीत भीक मागावी लागली, ती मुले आज सूर्याची प्रतिमा पट्टीने मोजत आहेत. एवढ्या दूर कशासाठी जावे, या पालकांच्या प्रश्नाला आमचे हेच उत्तर आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी शाळेची, वसतिगृहाची, जुन्या सहलींची आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे असतील. त्यांच्या मागे तारीख, ठिकाण आणि ओळखू येतील तेवढी नावे लिहून एक प्रत शाळेकडे पाठवावी. ज्यांना शक्य असेल त्यांनी विज्ञानकक्षासाठी एका लहान दुर्बिणीस हातभार लावावा. ती सहा इंची असली तरी पुरे. तिच्याशेजारी एक नोंदवही ठेवली जाईल आणि आभाळ मोकळे असेल त्या प्रत्येक दिवशी तिच्यात एक ओळ लिहिली जाईल, एवढे आश्वासन आम्ही देतो.

भवतु सब्ब मंगलं.